केसर आंब्याच्या कलमांवर तणनाशक उडालं, नवी पालवी बारीक नि पिवळी येतेय. झाडं उपटून टाकू का?

उपटू नका. तीन वर्षांची कलमं, बुंध्याजवळचं गवत मारताना गड्याच्या पंपाचे शितोडे खालच्या पानांवर नि खोडावर उडाले, आणि महिन्याभराने शेंड्याला बारीक, पिवळट पानांचे झुबके आले, असं तुम्ही लिहिलंय. लक्षणं ग्लायफोसेट या तणनाशकाची वाटतात. खात्रीसाठी रिकामी बाटली शोधून लेबल वाचा. गड्याला विचारून उपयोग नाही, त्याच्या लेखी सगळंच ‘गवताचं औषध’.

पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक असतं तर थेंब पडला तिथलं पान एक-दोन दिवसांतच करपलं असतं आणि पुढची पालवी चांगली आली असती. टू-फोर-डी असतं तर पानं वाटीसारखी वळली असती, देठ पिळवटले असते. (शेजारच्या उसातून वाऱ्यावर येऊन द्राक्षबागांचं वाटोळं करतं ते हेच.) ग्लायफोसेट हिरव्या पानांतून, कोवळ्या सालीतून आत शिरतं आणि अन्नरसाबरोबर शेंड्यांकडे, मुळांकडे जातं. तिथे काही अमिनो आम्लं तयार होणं थांबतं. म्हणून मार दिसतो तो नव्या फुटीवर आणि उशिरा.

आता पानं धुण्यात अर्थ नाही, ते फवारा उडाला त्याच वेळी करायचं काम. छाटणीचीही घाई नको. औषध झाडभर फिरून गेलंय आणि जुन्या हिरव्या पानांवरच झाड तग धरून आहे. फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघा. आत ओली हिरवी असेल तर हात लावू नका. पुढच्या एक-दोन पालव्या येऊ द्या, मग खरोखर वाळलेलं तेवढंच कापा.

तोवर बेताचं पाणी, आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन, आणि मोहोर आलाच तर खुडून टाका. दुकानदार टॉनिक नि संजीवकं गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका. युरियाही नको. माती बदलायची गरज नाही, कारण ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, मुळांतून सहसा चढत नाही.

खरं लक्ष ठेवायचं ते कलमाच्या सांध्यावर. वरचं वाळत चाललंय आणि बुंध्यातून तरतरीत फूट आली की माणूस खूश होतो, पण सांध्याखालची फूट रायवळ (गावठी आंबा), केसर नव्हे. वरचा भाग जिवंत असेल तर खालचे फुटवे लगेच काढा, नाहीतर तेच सगळं खाऊन टाकतील. वरचा पार मेला असेल तर एक जोमदार फुटवा राखा आणि त्यावर केसरची काडी पुन्हा बांधून घ्या. मुळं जमलेली असल्याने नव्या रोपापेक्षा हे बरं पडतं.

आपल्याकडे ग्लायफोसेटला मंजुरी आहे ती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागांसाठी. आंब्याच्या आळ्यात खुरपंच बरं. बांधावर तणनाशक मारणारच असाल तर त्याचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर लाल रंगाने खूण करा, म्हणजे चुकून त्याच पंपाने बागेत बुरशीनाशक फवारलं जाणार नाही.