हॉट रॉड बांधताय? आधी बसून बघा

मित्रा, हॉट रॉड म्हणजे बदल करून वेगवान केलेली जुनी गाडी. तुझी उंची सहा फुटांच्या वर असेल, तर १९३२ च्या फोर्ड कूपेचं (बंद छपराची दोन दारी गाडी) छप्पर कापून खाली आणायचा मोह आवर. त्यात बॉडी चॅनल केलीस, म्हणजे चॅसीवर आणखी खाली उतरवून बसवलीस, तर आतला फ्लोअरही वर येतो आणि डोक्याची जागा दोन्हीकडून जाते. पत्र्याला हात लावण्याआधी रिकाम्या बॉडीत फोम टाकून, रोजचे बूट घालून बस. क्लचवर पाय उचलून ठेवताना गुडघा स्टीअरिंगला अडतो का? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं माप हेच. स्प्रिंगच्या जाड सीटऐवजी पातळ, घट्ट फोम घे, पाठ जरा मागे कलती ठेव. टिल्ट कॉलम (वर-खाली कलणारा स्टीअरिंगचा दांडा) आणि लहान स्टीअरिंग व्हीलवर खर्च जरूर कर. फोर्डची मॉडेल ए असेल तर काउलमधली, म्हणजे डॅशबोर्डपुढच्या भागातली, पेट्रोलची टाकी मागे हलव. रोडस्टरमध्ये (उघड्या छपराच्या गाडीत) समोरच्या काचेची वरची पट्टी नेमकी डोळ्यांसमोर येते, तेही तपास.