किल्ली कुरियरने येत नसते हो!

प्रश्न: ताई, लेकीला म्युनिकला अ‍ॅडमिशन मिळालीय, ऑक्टोबरात जायचंय. एक घरमालक फ्लॅटचे झकास फोटो पाठवतोय, भाडं पण स्वस्त, म्हणतो मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट टाका, किल्ली कुरियरने पाठवतो. टाकू का?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर: अहो अजिबात नको! विश्रामबागेत खोली घेताना आपण नळाला पाणी येतं का बघितल्याशिवाय पाचशे रुपये हातावर ठेवत नाही आणि इथं न बघितलेल्या घराला युरो पाठवायचे? ही जुनीच फसवाफसवी आहे. श्टुडीरेंडनवेर्क म्हणजे तिथली विद्यार्थ्यांची सोय बघणारी संस्था, तिच्या हॉस्टेलला आजच अर्ज टाका, स्वस्तात तेच पडतं, पण म्युनिकमध्ये वेटिंग लांबलचक, म्हणून सोबत 'वेगे' म्हणजे शेअरिंगच्या फ्लॅटमधली खोली पण बघत राहायची. भाडं सांगितलं की 'काल्ट' का 'वार्म' ते आधी विचारा, काल्टमध्ये हीटिंग धरलेलं नसतं आणि तिथला हिवाळा म्हणजे आपली कृष्णाकाठची थंडी नव्हे. डिपॉझिट कायद्याने 3 महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, तेही 3 हप्त्यांत देता येतं. आणि तिथं सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायला, ही इथं राहते असं घरमालकाचं पत्र लागतं, देत नाही म्हणला तर ती खोली सोडाच. भडंग मात्र बॅगेत भरपूर द्या, वेगेतल्या पोरांशी ओळख त्यावरच होईल!