वडिलांचं मशीन नंतर, आधी तुमचा कान

तुमचा प्रश्न वडिलांबद्दल आहे. वय ६८, दोन वर्षांपासून टीव्हीचा आवाज वाढत चाललाय, "ऐकू येतं पण कळत नाही" म्हणतात, श्रवणयंत्र घेतलं ते महिनाभर लावून ड्रॉवरमध्ये पडलंय, आणि नस सुधारायला काही औषध किंवा थेंब मिळतात का. त्यावर सविस्तर लिहितो. पण माझी नजर अडकली ती तुमच्या शेवटच्या ओळीवर: "परवापासून माझ्याही डाव्या कानाला दडा बसलाय, शिट्टी वाजते, सर्दीमुळे असेल." सुरुवात तिथूनच करतो. वडिलांचा त्रास दोन वर्षांचा आहे, तुमचा दोन दिवसांचा, आणि कानाच्या बाबतीत दोन दिवसांच्या त्रासाची घाई जास्त असते.

सर्दीने किंवा मळाने दडा बसतो हे खरंच. बहुतेकांचं तेवढंच निघतं. पण आतल्या कानाची ऐकण्याची शक्ती अचानक गेली, तरी बाहेरून तस्संच वाटतं: कान भरल्यासारखा, एक शिट्टी, दुखत मुळीच नाही. माझं हेच झालं होतं. एका सकाळी उठलो तर डावा कान बंद. जवळच्या दवाखान्यात सर्दीच्या गोळ्या आणि कानात घालायचे थेंब मिळाले, मीही निमूटपणे ते घेत राहिलो. कान-नाक-घसा तज्ज्ञांसमोर बसलो तो १९व्या दिवशी. त्यांनी स्टिरॉइड दिलं, पण उपयोग झाला नाही. त्या कानाला आज जवळपास काही ऐकू येत नाही. लवकर गेलो असतो तर नक्की परत आलं असतं असं कुणीच सांगू शकत नाही, पण संधी तरी मिळाली असती. म्हणून हे इतकं कळकळीने लिहितोय.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. चांगल्या कानात बोट घालून तोंड मिटून "हूंऽऽ" करा. आवाज बोट घातलेल्या कानात घुमेल. आता बोट काढून, दोन्ही कान मोकळे ठेवून पुन्हा तसंच करा. आवाज दडा बसलेल्या डाव्या कानात जास्त घुमला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या भागात असण्याची शक्यता मोठी. उजव्या, चांगल्या कानाकडे सरकला, तर दोष आतल्या कानात किंवा नसेत असू शकतो. डॉक्टर ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून हेच पाहतात. उत्तर काहीही येवो, जायचं आहेच. फक्त उजवीकडे सरकला तर उद्यावरही टाकू नका. पडदा स्वच्छ दिसतोय आणि तरी ऐकू येत नाही, असं असेल तर "आजच ऑडिओमेट्री (म्हणजे यंत्राने ऐकण्याची मोजणी) होईल का?" असं स्पष्ट विचारा. स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर उपयोगाची शक्यता जास्त, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. गोळ्यांनी भागलं नाही तर पडद्यातून मधल्या कानात इंजेक्शन देतात. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी सांगा, कारण स्टिरॉइडने साखर वाढते. पुढे एमआरआय सांगितला तर घाबरू नका. एकाच कानाचं ऐकणं कमी होण्यामागे क्वचित नसेवरची गाठ असते. ती बहुतेक वेळा साधी आणि हळू वाढणारी असते, पण आहे की नाही ते पाहावं लागतं. तोवर कानात तेल, थेंब, काडी, काहीही घालू नका.

आता वडिलांचं. बहिरेपणावर इलाज काय, हा प्रश्नच अपुरा आहे. आवाज कानाच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर अडतोय, ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

बाहेरच्या नळीत अडला तर तो बहुधा मळ असतो. डॉक्टरांनी काढला की दहा मिनिटांत काम झालं. कापसाच्या काडीने मळ निघण्याऐवजी आत ढकलला जातो, हे ज्याच्या घरात अशा काड्या आहेत त्याने लक्षात ठेवावं.

पडदा आणि त्यामागची हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं म्हणजे मधला कान. इथले दोष बरेचदा दुरुस्त होतात. पडद्याला भोक असेल तर शस्त्रक्रिया करून नवा थर लावता येतो. लहान मुलांच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं. ते पुष्कळदा काही महिन्यांत आपणहून जातं, नाही गेलं तर पडद्यात बारीक नळी बसवतात. वर्गात "लक्ष नाही" म्हणून बोलणी खाणाऱ्या कित्येक मुलांच्या कानात हे पाणी असतं, याचं मला फार वाईट वाटतं. कान वर्षानुवर्षं वाहतोय आणि पाण्याला घाण वास येतोय, तर मात्र नुसत्या थेंबांवर राहू नये. पडद्याच्या कातडीची पिशवी आत वाढून हाड खात असू शकते, आणि तिला शस्त्रक्रियाच लागते. आणखी एक प्रकार म्हणजे रिकीब जखडणं. जेमतेम ३ मिलिमीटरचं हे हाड, शरीरातलं सगळ्यात लहान, त्याच्या बुडाशी नवं हाड वाढतं आणि ते हलेनासं होतं. हे अनेकदा घराण्यात चालत येतं आणि तरुण वयात सुरू होतं. रिकीब काढून कृत्रिम दांडी बसवण्याची शस्त्रक्रिया जॉन शी या अमेरिकन सर्जनने १९५६ साली केली, तिचीच सुधारलेली रूपं आज सर्रास होतात. शस्त्रक्रिया नको असेल तर अशा लोकांना श्रवणयंत्रही उत्तम लागू पडतं.

वडिलांच्या वयाला आणि वर्णनाला जुळतो तो मात्र तिसरा टप्पा, आतला शंख. त्यात जन्माच्या वेळी सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाजाची थरथर विजेच्या संकेतांत बदलून नसेकडे सोपवायचं काम त्यांच्यामुळे होतं. या पेशी मेल्या की माणसात परत येत नाहीत. कोंबडीच्या पिल्लांत त्या पुन्हा उगवतात, म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्यामागे लागलेत, पण माणसासाठी असं औषध अजून आलेलं नाही. म्हणून "नस जिवंत करणारे" थेंब, गोळ्या, तेलं यांवर वडिलांचा एक दिवसही घालवू नका. कानात घातलेला थेंब धडधाकट पडद्याच्या पलीकडे जातच नाही, शंखापर्यंत पोहोचणार कुठून?

या पेशी मरतात कशाने? वयाने तर मरतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ६० वर्षांवरच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना रोजच्या जगण्यात अडचण यावी इतका बहिरेपणा असतो. दुसरं मोठं कारण आवाज. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ही कामाच्या जागी धरली जाणारी मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. मी छापखान्यात २२ वर्षं काढली. माझ्या उजव्या कानाच्या ऐकण्याच्या आलेखात ४००० हर्ट्‌झपाशी खड्डा आहे, आणि तो पाहून ऑडिओलॉजिस्टने (ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाने) मी काही सांगायच्या आत विचारलं, "यंत्रांजवळ काम करत होता का?" तिसरं, औषधं. जेंटामायसिन, अमिकॅसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं आणि कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन यांनी कान जाऊ शकतो. आईकडून येणारा एक जनुकीय बदल अंगात असेल तर पहिल्या गटातली इंजेक्शनं थोडीशी दिली तरी घात होतो. म्हणून घरात इंजेक्शनांनंतर कुणाचं ऐकणं गेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. चालू औषध मात्र मनाने बंद करू नका, ती जीव वाचवायला दिलेली असतात. गालगुंड, गोवर, मेंदूज्वर हेही कान घेऊन जातात.

आता "ऐकू येतं पण कळत नाही" याबद्दल. शंखाच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी असतात आणि बहुधा आधी त्याच जातात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असल्याने शाबूत राहतात. स, श, फ, थ उंच पट्टीत, ते गळतात. तुम्ही "साठ" म्हणता, वडिलांना "आठ" ऐकू येतं. आवाज पोहोचला, शब्द पोहोचला नाही. चारजण एकत्र बोलायला लागले की उरलंसुरलंही त्यात बुडतं. त्यात भर म्हणजे बारीक आवाज ऐकू येत नाही पण मोठा एकदम अंगावर येतो. "मोठ्याने बोल" म्हणणारे तेच वडील लगेच "ओरडतोस कशाला" म्हणतात, ते यामुळे. यात हट्टीपणा नाही. समोर, उजेडात बसून, नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला, आणि कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगा.

मशीन ड्रॉवरमध्ये का गेलं, हे आधी शोधा. माझ्या पाहण्यात दोन कारणं वारंवार येतात. एक, ते वडिलांच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे ऐकण्याच्या आलेखाप्रमाणे, लावलेलंच नसतं. सगळेच आवाज सरसकट मोठे करणारं यंत्र अशा कानाला त्रासच देतं. कानात बारीक नळी ठेवून, पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतोय ते मोजून यंत्र बसवता येतं, ते करतात का असं विचारा. दुसरं, मेंदूला सवय व्हायला वेळ मिळत नाही. मी पहिल्यांदा यंत्र लावलं तेव्हा कागदाची घडी मोडली तरी फटाका फुटल्यासारखं वाटलं, नळाचं पाणी असह्य झालं, स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा. इतकी वर्षं न ऐकलेले हे आवाज महत्त्वाचे नाहीत, हे मेंदूला पुन्हा शिकावं लागतं. पहिल्या आठवड्यात शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना रोज दोन तास लावायचं, मग वेळ वाढवायची, गर्दीत सगळ्यात शेवटी. माझे सहा आठवडे गेले आणि त्यात तीन वेळा सेटिंग बदललं. यंत्र "बंद पडलं" असं वाटलं तर टोकाची मळ अडवणारी बारीक जाळी बदलून पाहा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. दोन्ही कानांचं ऐकणं कमी असेल तर शक्यतो दोन्हींना यंत्र हवं, नाहीतर आवाज कुठून येतोय ते कळत नाही. माझ्यासारखा एक कान पुरता गेलेल्यांसाठी त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारं यंत्र मिळतं, मी तेच वापरतो.

यंत्राने स्मृतिभ्रंश टळतो अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन वर्षांत सगळ्या सहभागींचा मिळून फरक दिसला नाही. आधीच जास्त धोका असलेल्या वृद्धांच्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. माझ्या मते वडिलांना ही भीती घालू नये. नातवंडांशी बोलता येणं हे पुरेसं कारण आहे.

चांगलं यंत्र नीट लावूनही शब्द कळत नसतील, तर पुढचा पर्याय कॉक्लिअर इम्प्लांट. त्यात शंखात बारीक तार घालून मेलेल्या पेशींना वगळून थेट नसेला संकेत देतात. वय ६८ म्हणजे उशीर झाला असं अजिबात नाही. जन्मतः न ऐकणाऱ्या बाळांत मात्र एकेक महिना मोलाचा. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असं वेळापत्रक त्यासाठी सांगतात. मेंदूज्वराने ऐकणं गेलं असेल तर शंखात हाड भरू लागतं, तिथे तर आठवड्यांचा हिशोब असतो. ओटोफर्लिन या एका जनुकात दोष असलेल्या काही मुलांना जनुकीय उपचारांनंतर ऐकू येऊ लागल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. वाचून माझे डोळे भरून आले होते. पण तो उपचार त्या एका दोषापुरता आहे, वडिलांच्या वयोमानाच्या बहिरेपणाला लागू नाही.

वडिलांची नवी ऑडिओमेट्री पुढच्या आठवड्यात झाली तरी चालेल. जुना रिपोर्ट आणि ड्रॉवरमधलं मशीन दोन्ही बरोबर न्या. तुमची तपासणी मात्र आजच करा. निघण्याआधी कान कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता बंद झाला, चक्कर आली होती का आणि सध्या कोणती औषधं चालू आहेत, एवढं कागदावर लिहून घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.