मंगळवेढ्यात ५ एकर काळी जमीन मिळतेय. जमीन कशी असते तिथली, आणि सांगोल्यासारखं डाळिंब येईल का?

काळ्यात डाळिंब लावू नका. जमीन घ्या, पण डाळिंबासाठी घेऊ नका.

आमचं रान मंगळवेढ्याच्या शिवारातच आहे. काळी म्हणजे कमरेच्या वर खोल, चिकण. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. सुरुवातीचा पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो, मग माती फुगून भेगा मिटतात आणि ओल आत कोंडून राहते. आमची सगळी शेती त्या कोंडलेल्या ओलीवर चालते. पावसाळाभर रान मोकळं ठेवून कुळवाच्या पाळ्या घालायच्या, उत्तरा-हस्तात वापसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल बघून पेरायचं आणि पुन्हा भेगा उघडायच्या आत कोळपायचं. पुढं पाऊस आला नाही तरी मालदांडी ज्वारी खालच्या ओलीवर निसवते आणि भरते. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सोबत करडईचे पाटे, दुसऱ्या तुकड्यात हरभरा.

सांगोल्याची माळरानं मुरमाड, हलकी. पाणी दिलं की निथळून जातं. डाळिंबाला तेच लागतं. शिवाय बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. मुरमात ड्रीप बंद केलं की ताण बसतो. काळ्यात खाली ओल टिकून राहते, झाड नुसतं पाला काढत बसतं.

हे मी आज सांगतोय, पण २०१७ साली आमच्या घरात माझं कुणी ऐकलं नाही. थोरल्या बंधूंनी दोन एकरांत भगवा जातीचं डाळिंब लावायचं ठरवलं. एका रोपवाटिकेच्या माणसानं त्यांना सांगितलं, खड्ड्यात निम्मा मुरूम घाला, कुठल्याही जमिनीत बाग येते. दोन-दोन फुटांचे सहाशेवर खड्डे घेतले. २४ ब्रास मुरूम लागला. आमचे वडील, आण्णा, बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "काळ्यात मुरूम घालून काळी हलकी होत नाही." आणि घरी निघून गेले. पुढं दोन वर्षं त्या रानाकडं ते फिरकले नाहीत.

झालं काय, तर चारी बाजूंनी चिकण माती आणि मधे मुरूम. आजूबाजूचं पाणी त्या खड्ड्यात उतरायचं आणि तिथंच थांबायचं. प्रत्येक झाड जणू रांजणात उभं. २०१९ च्या पावसाळ्यानंतर पहिली ओळ पिवळी पडली. फांदी वाळायची, मग पंधरा दिवसांत अख्खं झाड. खोड चिरलं की आत तपकिरी. मर म्हणतात ती हीच. औषधं ओतली, खर्च झाला, मर थांबली नाही. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत उरलेली बाग गेली.

बंधू आजही म्हणतात, "अस्मानी संकट होतं, त्या पावसात सांगोल्यातल्याही बागा गेल्या." दर लग्नात, दर दिवाळीला हेच. सांगोल्यात नुकसान झालं, हे खरंच आहे. पण दादा, आपल्या रानाच्या वरच्या टोकाला, जिथं काळी संपून माळ लागतो, तिथली १४ झाडं आजही उभी आहेत. रोपं तीच, ड्रीप तेच, पाऊस तोच. फरक होता तो फक्त मातीत. मी हे दहा वेळा बोललोय आणि दहाही वेळा तुम्ही विषय बदललाय.

लोक ज्वारीला गरिबाचं पीक समजतात, त्याचाही मला राग येतो. आमच्याकडं एकरी ५-६ पोती निघतात, वर कडबा. पाणी द्यावं लागत नाही, फवारणीही फारशी नाही. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती याच मंगळवेढ्यात. कोठारं भरलेली होती म्हणूनच उघडता आली ना? बागेसाठी काढलेलं कर्ज आम्ही चार वर्षं फेडलं. ज्वारीसाठी आण्णांनी जन्मात कर्ज काढलं नाही.

आता तुमच्या ५ एकरांचं. व्यवहाराआधी तीन ठिकाणी तीन-तीन फुटांचे खड्डे घ्या, थर बघा. पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर डाळिंबाचं नाव काढू नका. माती तपासून सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुना बघा. कॅनॉलचं पाणी जवळ असेल तर त्याचीही भुरळ नको, भारी काळीला निचरा नसताना वर्षानुवर्षं पाटाचं पाणी दिलं की ती क्षार साठून चोपण, म्हणजे नापीक होते. तालुक्यात सगळीच जमीन काळी नाही, हलक्या रानाची गावंही आहेत, तिथं माझं हे बोलणं लागू नाही. उंच गादीवाफ्यावर, निचऱ्याचे चर काढून मध्यम काळ्यात बाग जगवलेले शेतकरीही आहेत. तेवढा खर्च आणि रोजची देखरेख जमणार असेल तर ती जोखीम तुमची.

आम्ही २०२१ ला काळ्यातली झाडं उपटून पुन्हा मालदांडी पेरली. खड्ड्यातला मुरूम मात्र तसाच आहे. डिसेंबरात बांधावरून बघितलं तर हिरव्या रानात ओळीनं सहाशे ठिगळं दिसतात, ताटं गुडघ्याएवढी, आधीच वाळलेली. आण्णा आता रोज त्या रानात जातात.