बाबांची नोकरी गेली, त्याबद्दलही थँक्यू म्हणायचं का?

प्रश्न

बाई, सप्रेम सलाम.

मी चिंचवडला राहते. घरात आम्ही दोघं, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. मुलांना सगळं मागायच्या आधी मिळतं आणि त्यांना कशाचंच काही वाटत नाही, हे मला बरेच दिवस खुपत होतं. म्हणून मोबाईलवर बघून जानेवारीत 'थँक्यूची बरणी' सुरू केली. रोज झोपताना प्रत्येकाने देवाचे आभार मानण्याजोगी एक गोष्ट चिठ्ठीवर लिहायची आणि बरणीत टाकायची. महिन्याने उघडली तर मुलाच्या चिठ्ठ्यांत अकरा वेळा 'वायफाय', सहा वेळा 'मॅगी' आणि एकदा 'गणिताचा पेपर पुढे गेला'. सासूबाई म्हणतात, ही थेरं कशाला, जेवणाआधी नीट प्रार्थना केली की झालं. पण त्यांची प्रार्थना इतकी लांब की पोळ्या गार होतात, आणि धाकटी एक डोळा उघडून भाजीत बटाटा आहे का ते बघत असते.

मार्चमध्ये ह्यांची नोकरी गेली. नेमकं त्याच आठवड्यात शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, बायबलचं वचन होतं, 'सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करा.' रात्री मुलाने विचारलं, "मम्मी, बाबांची नोकरी गेली, त्याबद्दलही थँक्यू म्हणायचं का?" मला उत्तर सुचलं नाही. 'झोप आता' म्हणून दिवा घालवला. बरणी तेव्हापासून फ्रिजवर पडून आहे. मुलाला काय सांगू? आणि हे सगळं पुन्हा सुरू करू का?

— एक आई

उत्तर

प्रिय ताई, सलाम.

आधी मुलाचं, कारण तो उत्तराची वाट बघतोय. त्याला सांगा: नाही. बाबांची नोकरी गेली म्हणून थँक्यू म्हणायचं नाही. नोकरी जाणं वाईटच आहे, आणि देवालाही ते वाईट आहे हे कळतं.

वचन नीट वाचा. 'परिस्थितीत' आहे, 'परिस्थितीबद्दल' नाही. पावसात चालणं वेगळं आणि पावसाबद्दल खूश असणं वेगळं. तुमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, कुणी वडीलधारे लगेच म्हणतील, "बाई, इफिसकरांस पत्रात 'बद्दल' पण आहे." आहे, मला माहीत आहे. त्यावर मोठ्या माणसांनी खुशाल वाद घालावा. नऊ वर्षांच्या मुलाला घरात पगार बंद झालेल्या आठवड्यात 'त'वरच थांबू द्या.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण उलटं करून हात पोळून घेतलेत. माझी सासू वारली तेव्हा माझा मुलगा सात वर्षांचा होता. आजीवर फार जीव. दफनविधीहून आल्यावर रात्री मी त्याला प्रार्थनेला बसवलं आणि म्हटलं, "म्हण, देवा, आजीला तुझ्याजवळ नेलंस म्हणून उपकार." मला वाटत होतं मी त्याला विश्वास शिकवतेय. त्याने माझ्याकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. त्यानंतर चार वर्षं तो आमच्या घरात मोठ्याने प्रार्थना करायचा नाही. मान खाली घालायचा, शेवटी 'आमेन' म्हणायचा, बस्स. आज तो चाळिशीला आलाय, चर्चलाही जातो, पण ती रात्र त्यालाही आठवते आणि मलाही. शब्बाथ शाळेत तीस वर्षं दुसऱ्यांची मुलं शिकवणारी मी, घरच्या एकाशी हे केलं.

खरं तर मला तेव्हा माझ्या वडिलांची आठवण यायला हवी होती. 1972च्या दुष्काळात मी दहा वर्षांची. आमचं गाव पारनेर तालुक्यात. वडील आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, ती आई पदराला बांधून आमच्यासाठी आणायची. आणि घरात मिलो. तुमच्या पिढीला हा शब्द माहीत नसेल. अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. तिची भाकरी तव्यावरच चिरायची, गार झाली की चामड्यासारखी व्हायची, आणि रंग विटकरी. आम्ही भावंडं ताटाकडे बघून तोंडं वाकडी करायचो. एका रात्री वडिलांनी प्रार्थना केली ती मला अजून शब्दाशब्दाने आठवते. "देवा, ही भाकर मला आवडत नाही. तुला ठाऊकच आहे. पण आज चूल पेटली, पोरं सगळी घरात आहेत, आणि हिच्या हाताला फोड आलेत तरी हिने भाकर थापली. त्याबद्दल तुझे उपकार. आमेन." आजी खवळली. म्हणाली, "प्रार्थनेत असं बोलतात व्हय?" वडील म्हणाले, "त्याला काय चव कळत नाही?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा आईच्या हाताकडे बघितलं. तोवर भाकरी ही आपोआप होणारी वस्तू होती.

आता तुमच्या बरणीचं. चिठ्ठीवर 'वायफाय' आलं यात तुमच्या मुलाची चूक नाही. 'एक चांगली गोष्ट लिही' म्हटलं की पोरगं वस्तूच लिहिणार, त्याने यादी केली. आपल्या भाषेतला शब्द बघा, उपकार. म्हणजे कुणीतरी दुसऱ्याने आपल्यासाठी काहीतरी केलं. वायफाय उपकार करत नाही. नोकरी गेल्यावर सुद्धा त्याचं बिल भरणारा बाप करतो. तेव्हा विचारायचंच असेल तर 'आज काय मिळालं' असं विचारू नका. विचारा, 'आज तुझ्यासाठी कुणी काय केलं?' पहिले आठ दिवस उत्तर येईल 'कुणी नाही'. येऊ द्या. नवव्या दिवशी व्हॅनवाले काका निघतील, पट्टी उसनी देणारा मित्र निघेल. मग तेच नाव रात्रीच्या प्रार्थनेत घ्या. प्रार्थना दोन ओळींची झाली तरी पुरे.

आणि लिहून ठेवण्यापेक्षा पुढे करा. आपल्या मराठी घरांत 'आभारी आहे' म्हणत नाहीत हो. बायकोने नवऱ्याला म्हटलं तर त्याला वाटेल काहीतरी बिनसलंय. आपण काय करतो? शेजारणीने डब्यात खीर पाठवली तर डबा रिकामा परत देत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतो. नाताळात फराळाची ताटं सगळ्या वाड्यात जातात आणि दिवाळीत तीच ताटं चकल्या घेऊन परत येतात. हे तुमच्या मुलांना दिसतं का? की डबा तुम्हीच घासून, भरून, नेऊन देता? त्यांच्या हातात द्या. डब्यात काय घालायचं हेही त्यांनाच ठरवू द्या. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने एकदा डब्यात चार लिमलेटच्या गोळ्या आणि एक खोडरबर घालून परत दिला होता. खोडरबर कशाला, विचारलं तर म्हणाली, "काकूंकडे कुठे असणार?" ती बाई ते खोडरबर अजून देवघरातल्या डबीत ठेवते. ती ख्रिस्ती नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

सासूबाईंचा राग धरू नका. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, वेळ तेवढी चुकतेय. भुकेल्या मुलासमोर गरम पोळी ठेवून त्याच्याकडून भक्तीची अपेक्षा करणं जरा जास्तच आहे. शास्त्रातच दुसरी सोय आहे. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 8:10 काढून त्यांना वाचून दाखवा. तिथे आधी जेवून तृप्त व्हायचं आणि मग धन्यवाद करायचा, असा क्रम आहे. तर जेवणाआधी धाकटीने एक ओळ म्हणायची, बटाटा दिसला असेल तर बटाट्यासकट. आणि ताटं उचलल्यावर, पोट भरलेलं असताना, आजींची मोठी प्रार्थना. त्यांना घाई नको आणि पोळीही गार नको. शास्त्राचा आधार तुम्ही काढलात म्हणजे त्या नाही म्हणणार नाहीत. आमच्या पिढीच्या बायकांना मी ओळखते.

आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी म्हणा, स्तोत्र 136 घ्या. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच, 'त्याची दया सनातन आहे'. त्याची सुरुवात होते ती थेट आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र असं करत, पुढे मिसर, तांबडा समुद्र, आणि शेवटाकडे काय येतं? सगळ्या प्राण्यांना तो खायला देतो, हे. ते झालं की आपल्या घराच्या ओव्या घाला. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी ध्रुवपद. "बाबांची मुलाखत झाली." "त्याची दया सनातन आहे." "लिफ्ट बंद पडली आणि आजी चार मजले चढल्या." "त्याची दया सनातन आहे." मुलं हसतील, हसू द्या.

आणि हसायची वेळ नसेल त्या रविवारी स्तोत्र 13 काढा. सहाच ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत तो माणूस देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? शेवटच्या ओवीत तो गातोय, पण मधलं काही गाळून तिथे गेलेला नाही. तुमच्या मुलाला हे स्तोत्र द्या. बाबांसाठी पहिली ओवी त्यालाच वाचू द्या. त्याला कळेल की असं बोलायला परवानगी आहे.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट तुमच्या शब्बाथ शाळेत होऊन गेलीच असेल, लूकच्या सतराव्या अध्यायातली. दहा बरे झाले, एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे त्यांच्या हिशेबी परका. आपण ही गोष्ट सांगतो ती नेहमी त्या नऊ जणांना शिव्या घालत. मी सुद्धा पंचवीस वर्षं तशीच सांगितली. एकदा एका वर्गात एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, मग त्या नऊ जणांचा रोग परत आला का?" मी पुस्तक उघडून पुन्हा वाचलं. नाही आला. येशूने विचारलं जरूर, बाकीचे नऊ कुठे आहेत, पण दिलेलं काढून घेतलं नाही. हे आईबापांनी लक्षात ठेवावं. 'थँक्यू म्हटलं नाहीस, आता आइस्क्रीम नाही' असं केलंत की मूल थँक्यू शिकतं, पण आइस्क्रीमची किंमत म्हणून.

शेवटचं एक, आणि हे मला सगळ्यात आवडतं. तुमच्या मंडळीत हंगामाचा सण होतोच ना? प्रत्येक मंडळी आपापला रविवार धरते. मुंबईच्या ईस्ट इंडियन लोकांत, म्हणजे तिथल्या मूळच्या कॅथलिक समाजात, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला आणतात. आमच्या नगरला (अहिल्यानगर म्हणायचं आता, जिभेला अजून वळण पडलेलं नाही) वेदीसमोर ज्वारीची कणसं, भोपळे, ऊस, अंडी आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी असते, जी नेमकी उपदेशाच्या वेळी ओरडते. उपासना झाली की अंगणात लिलाव. एक लिंबू पाचशेला जातं, घेणारा ते परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते. शहरातले लोक मात्र हल्ली मंडईतून भोपळा विकत आणून ठेवतात. भोपळा त्यांचा नसतो, घाम दुसऱ्याचा, आणि मुलाला त्यातलं काही कळत नाही.

तुम्ही असं करा. एक पसरट ट्रे घ्या, खाली भोकं पाडा, माती भरा. मूठभर मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी पेरा. तीन-चार आठवड्यांत मेथी कापायला येते. पाणी मुलाने घालायचं, तुम्ही नाही. पहिला ट्रे बहुतेक वाया जाईल, कारण तो एक तर विसरेल किंवा बुडवून टाकेल. जाऊ द्या. दुसरा पेरायला लावा. जी जुडी येईल ती बारीक आणि वाकडी असेल. तीच दोऱ्याने बांधून त्याच्या हाताने वेदीसमोर ठेवू द्या, आणि लिलावात बोली लागेल तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. एकदा माझ्या नातवाची मेथी दोनशे दहाला गेली होती. रस्त्यात तो मला म्हणाला, "आजी, आपण मंडईत दहा रुपयाला घेतो तेव्हा त्या काकांनी पण एवढं पाणी घातलेलं असतं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने मेथी दिली तेव्हा तो स्वतःहून थांबला, पण काय म्हणावं ते त्याला सुचेना. शेवटी विचारलं, "तुमची मेथी बरी आलीय. किती दिवस लागले?" भाजीवाला खूश झाला. ह्याला आभार म्हणतात की नाही मला माहीत नाही, मला तरी ते तसंच वाटलं.

तुमच्या मिस्टरांना सलाम सांगा. मुलगा त्यांच्यासाठी प्रार्थना करेल तेव्हा शक्य असेल तर त्यांनी शेजारी बसावं, बोलायची गरज नाही. ट्रे लावलात की कळवा. आणि बरणी फ्रिजवरून काढा, काचेची असेल तर टाकू नका. कैऱ्या आल्यात, लोणचं घाला, आणि पहिला डबा ज्या शेजाऱ्यांचं तुमच्याकडे काही आलंय त्यांना मुलाच्या हाताने पाठवा.