रोजच्या आयुष्यातल्या विज्ञानावर लिहायचंय? सुरुवात अशी करा

उत्साह छान आहे, फक्त विषय छोटा घ्या. क्वांटम, कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे राहू द्या. मायक्रोवेव्ह चालू असताना वायफाय मंदावतं का, एवढंच आधी स्वतः तपासा. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर (गिगाहर्ट्झ म्हणजे लहरींच्या वारंवारतेचं एकक) चालतो, वायफायचा एक पट्टाही तिथलाच, म्हणून दोघांची गल्लत होऊ शकते. राउटर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर लावून वायफायचा वेग पुन्हा मोजा. फरक दिसला की लिहायला किती सापडतं बघा!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- एकदाच मोजून निष्कर्ष काढतात. निदान पाच वेळा मोजा.
- एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात. मग कारण कळतच नाही. ही चूक सगळ्यांत महाग पडते.
- आकडा लिहितात, एकक विसरतात.

आलेख, सांख्यिकी सध्या नको. पहिली नोंद आजच करा, तारीख घालून.