दुकान आहे, पण नकाशात सापडत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. गुगलवर दुकानाचं नाव टाकलं की ते पहिलंच येतं. पण दोन किलोमीटरवर राहणाऱ्या गिऱ्हाइकाने 'सायकल दुरुस्ती' असं शोधलं, तर आम्ही कुठेच नसतो. एक एजन्सी म्हणते, दरमहा पैसे द्या, पहिल्या तिनात आणतो. द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. नकाशासोबत येणाऱ्या यादीतली जागा विकत मिळत नाही, हे गुगलनेच स्पष्ट लिहून ठेवलंय. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि तिच्यावर तशी खूण असते. पहिल्या तिनाची हमी देणारा आपल्या हातात नसलेली गोष्ट विकतोय.

ही यादी तीन गोष्टींवर ठरते : शोधलेल्या शब्दांशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती लांब आहे आणि त्याचा किती बोलबाला आहे. अंतर तुम्हाला बदलता येत नाही, त्यामुळे मेहनत उरलेल्या दोन गोष्टींवर घ्यायची. नावाने शोधणारा माणूस तुम्हाला आधीच ओळखतो, म्हणून त्या पहिल्या क्रमांकावरून काहीच कळत नाही. दुकानात उभं राहून स्वतःच्या फोनवर तपासणंही फसवं, कारण तिथे अंतर जवळपास शून्य असतं. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, उघडलं तरी ठिकाण तेच राहतं. त्यापेक्षा वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या ओळखीच्या चारपाच जणांना 'सायकल दुरुस्ती' शोधून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. गुगल बिझनेस प्रोफाइलच्या, म्हणजे गुगलवरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीच्या, 'परफॉर्मन्स' विभागात लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत पोचले तेही दिसतं. तिथे फक्त दुकानाचंच नाव असेल, तर दुखणं सापडलं.

बहुतेक वेळा ते मुख्य कॅटेगरीत, म्हणजे प्रोफाइलवर निवडलेल्या धंद्याच्या प्रकारात, असतं. प्रोफाइल घाईत तयार करताना 'बायसिकल शॉप' निवडलं जातं. त्याचा अर्थ सायकली विकणारं दुकान. तुमचा धंदा दुरुस्तीचा असेल तर मुख्य कॅटेगरी 'बायसिकल रिपेअर शॉप' हवी. विक्रीही करत असाल तर 'बायसिकल शॉप' जोडकॅटेगरी म्हणून ठेवा. व्यवसायाच्या खात्याने लॉग-इन करून गुगलवर दुकानाचं नाव शोधा, 'एडिट प्रोफाइल' उघडा, तिथेच कॅटेगरी बदलता येते. मुख्य एक आणि जास्तीच्या नऊ घेता येतात, म्हणून दहाही भरायच्या नसतात. जे काम करत नाही त्याची कॅटेगरी लावली की चुकीचे फोन येतात, आणि निराश गिऱ्हाईक एक तारा देऊन जातं. बदलानंतर गुगल कधीकधी पुन्हा पडताळणी मागतं. दुकानाची कागदपत्रं हाताशी ठेवूनच हे करा.

मग 'सर्व्हिसेस'मध्ये कामं एकेक करून लिहा : पंक्चर, ब्रेक, गिअर बसवणं, चाक सरळ करणं. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात लिंक चालत नाही. ते माणसाने वाचण्यासाठी लिहा; तेच शब्द दहादा घालून काही साधत नाही. फोटो किमान 250 बाय 250 पिक्सेल हवेत, 720 बाय 720 असले तर उत्तम. पहिला फोटो रस्त्यावरून दिसणाऱ्या पाटीचा असू द्या, कारण शोधत आलेला माणूस तीच पाहत असतो.

तरीही कुणाची मदत घ्यायची असेल तर त्यांना 'मॅनेजर' करा, मालकी देऊ नका. प्रोफाइल त्यांच्या खात्यावर गेलं की परत मिळवताना फार हाल होतात.

प्रश्न : नावापुढे 'स्वस्त, उत्तम, 24 तास सेवा' असं जोडलं होतं. प्रोफाइल निलंबित झालं. नवीन काढू का?

उत्तर : मुळीच नाही. नवीन काढलं तर तेही अडकण्याची शक्यता मोठी, शिवाय जुने रिव्ह्यू मागेच राहतात. पाटीवर आणि कागदपत्रांवर जे नाव आहे तेवढंच प्रोफाइलवर चालतं. आधी ते दुरुस्त करा, मगच अपील करा. अपिलात पुरावे जोडण्याचा फॉर्म एकदा उघडला की 60 मिनिटंच मिळतात. लोक फॉर्म उघडतात आणि मग कागद शोधायला उठतात. वेळ तिथेच संपतो. नोंदणी प्रमाणपत्र, कराचा कागद, त्या पत्त्यावरचं वीज किंवा फोनचं बिल स्कॅन करून आधी एका फोल्डरमध्ये ठेवा. तिन्हींवर नाव आणि पत्ता अक्षरशः एकच आहे ना, ते पाहा.

प्रश्न : मी घरोघरी जाऊन नळदुरुस्ती करतो, दुकान नाही. घराचा पत्ता जगजाहीर करायचा नाही. प्रोफाइल मिळेल?

उत्तर : मिळेल. पत्ता पडताळणीसाठी द्यायचा, पण प्रोफाइलवर लपवायचा आणि त्याऐवजी सेवाक्षेत्र नेमायचं. जास्तीत जास्त 20 भाग टाकता येतात, आणि सगळा परिसर तुमच्या ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या गाडीप्रवासात बसायला हवा. मात्र 20 भाग टाकले म्हणून त्या सगळ्यांत तुम्ही वर याल, असं होत नाही. पोस्ट बॉक्सचा किंवा भाड्याच्या नावापुरत्या ऑफिसचा पत्ता नियमांत बसत नाही.

पडताळणीला व्हिडिओ मागितला तर तो सलग, न कापता, किमान 30 सेकंदांचा लागतो. त्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात : परिसर ओळखू येईल असा रस्ता किंवा पाटी, तुमची हत्यारं किंवा नाव लिहिलेली गाडी, आणि धंदा तुमचाच असल्याचा पुरावा, उदाहरणार्थ व्यवसायाच्या नावाचं बिल. लोक घराबाहेरच चित्रण थांबवतात आणि तिसरी गोष्ट राहून जाते. हा क्रम आधी एकदा चालून पाहा. बँक खात्याचा क्रमांक आणि इतरांचे चेहरे त्यात येऊ देऊ नका.

प्रश्न : पाच तारे देणाऱ्याला सूट दिली तर? आणि खोटा रिव्ह्यू कसा काढायचा?

उत्तर : रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, भेट, काहीही देणं नियमबाह्य आहे. खूश गिऱ्हाइकांनाच विचारून नाराजांना वगळणंही तसंच. काम संपलं की प्रत्येकाला रिव्ह्यूची लिंक किंवा क्यूआर कोड द्या, तोही त्याच दिवशी. आठवड्याने कुणी लिहीत नाही.

रिव्ह्यू वाईट आहे एवढ्यावरून निघत नाही. तो नियम मोडत असेल, म्हणजे शिवीगाळ किंवा बनावट अनुभव असेल, तर तक्रार नोंदवा. तोवर सभ्य शब्दांत उत्तर लिहा : काय झालं, तुम्ही काय करायला तयार आहात, संपर्क कुठे करायचा. ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचणार आहे, तेव्हा भांडण तिथे नको.

प्रश्न : दुकान हलवलं. जुनं प्रोफाइल बंद करून नवं उघडावं का?

उत्तर : नको, त्याच प्रोफाइलमध्ये पत्ता बदला, रिव्ह्यू सोबत येतील. नंतर नकाशावरची पिन बोटाने ओढून नेमकी दारावर आणा. पत्ता बरोबर असूनही पिन मागच्या गल्लीत पडते आणि माणसं बंद भिंतीपाशी पोचतात. आपली वेबसाइट, बिंग, ॲपलचे नकाशे आणि इतर सूच्या यांतही पत्ता व फोन त्याच दिवशी बदला.